रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा फोकस नेमका कुठे चुकतो?

नवा रेंजफाइंडर कॅमेरा हाती येतो, व्ह्यूफाइंडरच्या मधल्या उजळ चौकटीतील दोन प्रतिमा एकमेकींवर नीट बसवून फोटो काढला जातो, आणि संगणकावर मोठा करून पाहावे तर डोळ्यांऐवजी कान स्पष्ट आलेले असतात. अशा वेळी बहुतेक जण आधी स्वतःच्या नजरेला दोष देतात. तो दोष असूही शकतो. परंतु या कॅमेऱ्यात नजर अचूक असूनही फोकस चुकू शकतो, कारण रेंजफाइंडर लेन्समधून पडणारी प्रतिमा पाहतच नाही. तो केवळ अंतर मोजतो.

कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूला दोन खिडक्या असतात. लायका या जर्मन कंपनीच्या एम मालिकेतील रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत त्या एकमेकींपासून सुमारे ६९ मि.मी. अंतरावर आहेत. वस्तू जितकी जवळ, तितका या दोन खिडक्यांतून तिच्याकडे जाणाऱ्या रेषांमधील कोन मोठा. फोकसची कडी फिरवली की लेन्सच्या मागची धातूची कड कॅमेऱ्यातील एका चिमुकल्या रोलरला ढकलते, रोलरचा दांडा आतला प्रकाशीय भाग हलवतो आणि दुसरी प्रतिमा सरकत पहिलीवर येते. लायकाने ही यांत्रिक जोडणी १९३२ साली आणली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. लेन्स, रोलर, दांडा आणि सेन्सर यांपैकी एकाचीही जागा किंचित ढळली, तर व्ह्यूफाइंडर एक सांगतो आणि फोटो दुसरेच दाखवतो.

‘किंचित’ म्हणजे किती, हे पाहण्यासारखे आहे. ५० मि.मी.ची लेन्स एफ १.४ वर उघडी असताना (एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे), धूसरतेचा ०.०३ मि.मी. हा रूढ निकष धरला, म्हणजे ठिपका तेवढा पसरला तरी तो स्पष्टच मानला, तर सेन्सरपाशी फोकस चुकण्यास मिळणारी सूट पुढे-मागे जेमतेम ०.०४ मि.मी. असते. रोलरच्या जागेत ०.१ मि.मी.ची, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी चूक असेल, तर एक मीटरवरील चेहऱ्याचा फोकस सुमारे साडेतीन सेंटिमीटरने हुकतो. एफ ८ वर हीच सूट जवळपास ०.२४ मि.मी. होते. त्यामुळे गेटवेजवळ भर उन्हात काढलेल्या फोटोंत दोष झाकला जातो आणि संध्याकाळी घरात ट्यूबलाइटखाली तो उघडा पडतो. ९० मि.मी.च्या लेन्सला रोलरची तीच चूक सुमारे तिप्पट भोवते, म्हणून बिघाडाचा पहिला संशय बहुधा लांब पल्ल्याच्या लेन्सवरच येतो. डिजिटल सेन्सरने ही परीक्षा आणखी कठीण केली आहे. २०२२ मध्ये आलेल्या ६० मेगापिक्सेलच्या लायका एम ११ मध्ये ०.०३ मि.मी.त साधारण आठ पिक्सेल मावतात. फिल्मच्या काळात चालून जाणारी धूसरता त्यामुळे आता डोळ्यांत खुपते.

तपासणीची सुरुवात अनंत अंतरापासून करावी. लेन्स अनंताच्या खुणेवर टेकवली की अतिदूरच्या वस्तूच्या दोन्ही प्रतिमा एक व्हायला हव्यात. येथे मुंबईकरांनी एक काळजी घ्यावी. ओव्हल मैदानातून समोरचा राजाबाई टॉवर कितीही दूर वाटला, तरी रेंजफाइंडरच्या दृष्टीने तो अनंतावर नाही. शंभर मीटरवरील वस्तूच्या दोन प्रतिमांमध्ये डोळ्याला ओळखता येईल इतके अंतर राहते, आणि ते पुसून टाकण्यासाठी यंत्रणा हलवली, तर ५० मि.मी.च्या लेन्सवर उपलब्ध सुटीतला अर्ध्याहून अधिक भाग तिथेच खर्च होतो. त्यापेक्षा नरिमन पॉइंटच्या कठड्यापाशी उभे राहून खाडीपलीकडच्या मलबार हिलवरील एखाद्या इमारतीची उभी कड निवडावी. ते अंतर दोन किलोमीटरहून जास्त आहे. दुपारी तापलेल्या हवेत कडा थरथरतात, त्यामुळे सकाळची, शक्यतो पाऊस पडून गेल्यानंतरची स्वच्छ हवा उत्तम. तिथेच समुद्राचे क्षितिजही पाहून घ्यावे. चौकटीत क्षितिजाच्या एकावर एक दोन रेषा दिसल्या, तर प्रतिमा वर-खाली सरकलेल्या आहेत. या दोषाने अंतराचे माप थेट बिघडत नाही, पण प्रतिमा जुळल्या की नाही हे ठरवणे फार अवघड होते.

जवळच्या अंतराची तपासणी घरी होते. कॅमेरा तिपाईवर ठेवावा, एक मीटरवर एक जाड पुस्तक उभे करावे, शेजारी मोजपट्टी तिरकी अशी लावावी की तिचा मधला आकडा पुस्तकाच्या पुठ्ठ्याच्या पातळीत येईल, आणि लेन्स पूर्ण उघडून पुठ्ठ्यावर फोकस करावा. प्रत्येक फोटोआधी कडी पूर्ण फिरवून फोकस नव्याने जुळवणे महत्त्वाचे आहे. सर्व फोटोंत मोजपट्टीचा एकच चुकीचा आकडा स्पष्ट येत असेल, तर दोष यंत्रणेचा. आकडा कधी पुढे, कधी मागे जात असेल, तर आधी डोळ्यांचा नंबर आणि व्ह्यूफाइंडरची काच तपासावी. हा फरक ओळखण्यापूर्वी कॅमेरा दुरुस्तीला देणे मला घाईचे वाटते.

यानंतर दुसरी लेन्स लावून पाहावी. दोन्ही लेन्स एकाच दिशेने चुकत असतील, तर संशय कॅमेऱ्यावर. एकच चुकत असेल, तर त्या लेन्सवर किंवा तिच्या अडॅप्टरवर. कॅमेऱ्याच्या चुकीचेही दोन प्रकार आहेत, आणि ते वाण्याच्या काट्यावरून चटकन समजतात: रिकामे पारडेच खाली असेल, तर प्रत्येक मापात तीच चूक येते, शून्य बरोबर असूनही काट्याचा दांडा सदोष असेल, तर चूक वजनाबरोबर वाढत जाते. अनंतावरच प्रतिमा जुळत नसतील, तर रोलरची जागा सुधारावी लागते. अनंत बरोबर आणि जवळचे चूक असेल, तर दांड्याची प्रभावी लांबी.

काही लेन्स मुळातच ॲपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, लहान केल्यावर फोकसची जागा बदलतात. ‘सोनार’ (Sonnar) नावाच्या रचनेच्या जुन्या लेन्स यासाठी प्रसिद्ध आहेत. हा गोलीय दोषाचा, म्हणजे लेन्सच्या कडेचे आणि मधले किरण एकाच जागी न जुळण्याचा, परिणाम असून कोणताही स्क्रू फिरवून तो जात नाही, म्हणून एफ १.४ बरोबर आणि एफ २.८ चूक असा निकाल आला, तर कॅमेऱ्याला हात लावू नये.

रोलरचा विकेंद्री (मध्याऐवजी बाजूला आस असलेला) स्क्रू लेन्स काढल्यावर समोरच दिसतो, आणि तो घरी फिरवण्याचा मोह अनेकांना होतो. वॉरंटीतल्या कॅमेऱ्यावर हा प्रयोग करू नये, कारण केसाएवढ्या फिरवण्यानेही अनंत आणि जवळ, दोन्हींची मापे एकदम बदलतात. कॅमेरा दुरुस्तीला देताना नेहमीची लेन्स सोबत द्यावी, मोजपट्टीचे फोटो जोडावेत, आणि चूक पुढे आहे की मागे, कोणत्या अंतरावर आहे आणि अनंतावर काय दिसते, हे लिहून द्यावे.