खाज औषधाची की द्रावणाची?

केसगळतीवरचं मिनॉक्सिडिल लावायला लागून तिसरा आठवडा होता, तेव्हा माझ्या मावसभावाच्या डोक्याला खाज सुटली. आधी कोंडा समजून त्याने शाम्पू बदलला. मग कपाळाच्या कडेला लाल पट्टा उठला, कानामागे पापुद्रे निघायला लागले. "हे औषध मला सोसत नाही," म्हणत त्याने बाटली फेकून दिली. बाटलीवरची बारीक अक्षरं मात्र त्याने वाचलीच नव्हती.

मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. अमेरिकेत १९७९ साली त्याच्या गोळीला मान्यता मिळाली आणि ती घेणाऱ्यांच्या चेहऱ्यावर, अंगावर केस वाढू लागले. त्याच उपद्रवातून १९८८ मध्ये डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण आलं. केसाच्या मुळाशी सल्फोट्रान्सफरेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते मिनॉक्सिडिलचं मिनॉक्सिडिल सल्फेट करतं, आणि खरं काम हे सल्फेट करतं. ज्याच्याकडे हे विकर कमी, त्याला गुणही कमी येतो. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, कारण मुळाशी नवा केस सरसावला की विश्रांतीतला जुना केस सुटतो. या गळतीला घाबरून अनेकजण औषध सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खाजेचं कारण मात्र बरेचदा औषधात नसून ते ज्यात विरघळवलंय त्यात असतं. मिनॉक्सिडिल पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून अल्कोहोल आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल वापरतात. द्रावणाचा एक थेंब काचेवर टाकून बघा. अल्कोहोल लवकर उडून जातं आणि मागे तेलकट, चिकट डाग उरतो. तो मुख्यतः ग्लायकॉलचा. औषध त्यातच विरघळलेलं राहतं आणि हळूहळू त्वचेत शिरतं. नेहमीच्या २ टक्क्यांच्या द्रावणात ग्लायकॉल साधारण २० टक्के असतं, तर ५ टक्क्यांच्या द्रावणात थेट ५० टक्क्यांपर्यंत. म्हणजे 'स्ट्राँग' बाटली आणली की औषधाबरोबर ग्लायकॉलही अडीचपट होतं. खाज सुटली की दोष मात्र औषधावर जातो.

ही खाज दोन प्रकारची असते. एक नुसता दाह: अल्कोहोल आणि ग्लायकॉलने त्वचा कोरडी पडते, चुरचुरते, आणि लावणं कमी केलं की शांत होते. दुसरी खरी अ‍ॅलर्जी. शरीराने तो पदार्थ एकदा ओळखून ठेवला की पुढे थोडासाही पुरतो. पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं आणि लावलेल्या जागेबाहेर, अगदी पापण्यांपर्यंत पसरतं. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१८ साली 'वर्षाचा अ‍ॅलर्जन' (अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ) म्हणून प्रॉपिलिन ग्लायकॉलचीच निवड केली होती.

नेमका दोषी शोधायला पॅच टेस्ट करतात. संशयित पदार्थ पाठीवर वेगवेगळ्या चकत्यांखाली ४८ तास चिकटवून ठेवायचे, तोवर पाठ भिजवायची नाही. मग चकत्या काढून पाहायचं आणि दोनेक दिवसांनी पुन्हा एकदा. ग्लायकॉलच्या जागी लाली आली आणि मिनॉक्सिडिलची जागा कोरी राहिली, तर वाट मोकळी आहे: २००६ पासून मिळणाऱ्या मिनॉक्सिडिलच्या फोममध्ये (फेसात) ग्लायकॉल नसतं. प्रतिक्रिया मिनॉक्सिडिललाच आली, तर मात्र फोम वापरूनही उपयोग नाही.

"त्यापेक्षा घरचं बरं" म्हणून कांद्या-लसणाचा रस चोळणाऱ्यांनाही सांगायला हवं, की लसणाने त्वचा अक्षरशः भाजू शकते.

भावाची टेस्ट झाली, लाली आली ती ग्लायकॉलच्याच जागी. आता तो फोम वापरतो. पण त्याआधी खाजेवर म्हणून मेडिकलमधून आणलेली स्टेरॉइडची ट्यूब तो दोन आठवडे लावत होता आणि चट्टे वाढतच होते. खोक्यावरची घटकांची यादी आम्ही दोघांनी मिळून वाचली. त्यातही प्रॉपिलिन ग्लायकॉल होतं.