फेझ

फेझ (अरबी नाव फास) हे मोरोक्कोच्या उत्तर भागातले जुने राजधानीचे शहर. मुळात ही दोन शहरे होती. इद्रिसी घराण्याचा संस्थापक पहिला इद्रिस याने ७८९ च्या सुमारास नदीच्या पूर्व काठावर वस्ती केली आणि त्याचा मुलगा दुसरा इद्रिस याने ८०९ च्या सुमारास पलीकडे आपले नगर उभारले. ८१८ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबाचे बंड मोडले गेले. तिथून हाकललेले लोक पूर्वेला येऊन राहिले, तर पश्चिमेला ट्युनिशियातल्या कैरुआनची कुटुंबे आली. दोन्ही वस्त्यांना स्वतंत्र तट होते आणि शेजार काही गोडीचा नव्हता. अकराव्या शतकात अल्मोराविद घराण्याचा राजा युसुफ इब्न ताशफिन याने मधल्या भिंती पाडून शहर एक केले.

करवीयीन मशीद या कैरुआनकरांची. ती फातिमा अल-फिहरी या स्त्रीने ८५९ मध्ये बांधवली अशी परंपरा आहे; मात्र ही हकिगत लिहिणारा इब्न अबी झर चौदाव्या शतकातला, त्यामुळे अभ्यासक ती जपून घेतात. मशिदीभोवतीचे विद्यापीठ जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत मोजले जाते.

शहराचा भरभराटीचा काळ मरिनी घराण्याच्या सुलतानांचा. त्यांनी १२७६ मध्ये ‘नवे फेझ’ वसवले. आज तेही साडेसातशे वर्षांचे झाले आहे! याच घराण्यातल्या सुलतान अबू इनान याच्या आज्ञेवरून प्रसिद्ध प्रवासी इब्न बतूताने आपला प्रवास सांगितला आणि इब्न जुझय्यने तो लिहून काढला. त्यात आपला दौलताबादही आहे. तिथल्या किल्ल्याच्या तळघरातले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असून मांजरेच त्यांना घाबरतात, असे तो सांगतो.

जुन्या शहराची खूण म्हणजे शुवारा भागातले चामडे कमावण्याचे हौद. कातडी आधी चुन्याच्या आणि कबुतरांच्या विष्ठेच्या पाण्यात भिजते. विष्ठेतल्या अमोनियाने ती मऊ पडते. मग कामगार मांड्यांपर्यंत हौदात उतरून ती पायांनी तुडवतात आणि रंगवतात. वरच्या गच्चीवरून बघायला आलेल्यांच्या हाती दुकानदार पुदिन्याची काडी देतात. वास घेतल्यावर कारण विचारावे लागत नाही.

१९१२ च्या फेझ कराराने मोरोक्को फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला. त्यानंतर फ्रेंचांनी राजधानी रबातला नेली आणि नवी वसाहत तटाबाहेर बांधली. सत्ता गेली, पण त्यामुळेच जुन्या गल्ल्या बुलडोझरपासून वाचल्या. १९८१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा ठरवले. काही बोळ इतके चिंचोळे आहेत की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावे लागते. मोटारी आत जात नाहीत. गॅसचे सिलिंडर, कातड्यांचे गठ्ठे, सारे खेचरांच्या पाठीवरून जाते आणि मागून हाकणाऱ्याची ‘बालाक!’ अशी आरोळी येते. म्हणजे, सरका बाजूला.