'रन'चे 645 अर्थ मेंदू सांभाळतो कसे?

इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द कुठला असं विचारलं की बरेच जण अजूनही 'सेट' म्हणतात, आणि 1989 च्या ऑक्सफर्ड डिक्शनरीपुरतं ते बरोबरही होतं. पण नव्या आवृत्तीचं काम करताना 'रन' पुढे गेला. पीटर गिलिव्हर नावाचे कोशकार हे एकच क्रियापद घेऊन नऊ महिने बसले आणि अर्थ निघाले 645! माणूस रन करतो, कंपनी रन करतात, इलेक्शनला रन करतात, सर्दी झाली की नाक रन होतं, धुताना कपड्याचा रंगही रन होतो. (आपल्याकडे यातलं बरंच काम 'चालणे' करतं. इंग्रज जिथे पळवतो तिथे आपण निवांत चालवतो.)

यात एक हिशोब पण आहे. जॉर्ज झिप्फ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात तितके त्याचे अर्थ जास्त, आणि ते साधारण वर्गमुळाने वाढतात, म्हणजे वापर शंभरपट तर अर्थ दहापट.

मग ऐकणाऱ्याचा गोंधळ कसा होत नाही? 1979 मध्ये डेव्हिड स्विनी यांनी एक भारी प्रयोग केला. लोकांना वाक्य ऐकवलं, खोलीच्या कोपऱ्यात कोळी, झुरळं आणि इतर 'बग्ज' सापडले असं काहीतरी, आणि 'बग्ज' कानावर पडताच स्क्रीनवर एक शब्द दाखवून विचारलं, हा खरा शब्द आहे का? बग म्हणजे किडा किंवा चोरून ऐकायचा मायक्रोफोन. वाक्यात तर सरळसरळ किडेच होते, तरी 'मुंगी' आणि 'हेर' या दोन्हींचे इंग्रजी शब्द लोकांनी पटकन ओळखले! म्हणजे मेंदूने दोन्ही अर्थ उघडले होते. पण तीनच अक्षरं पुढे जाऊन तपासलं तर फक्त मुंगीवाला उरलेला, हेर गायब. हे सगळं एका सेकंदाच्या आत, आपल्याला पत्ताही लागत नाही.

आणि समानार्थी शब्द? 'रन'ला स्प्रिंट, मॅनेज, ऑपरेट, फ्लो असे ढीगभर आहेत पण प्रत्येक जण एकाच अर्थापुरता, नाक काही स्प्रिंट होत नाही. 'रन' मूळचा जर्मानिक, 'ऑपरेट' लॅटिनमधला, आणि 'मॅनेज' तर घोडा हाताळण्याच्या इटालियन शब्दावरून आला, म्हणजे आजचे मॅनेजर मुळात घोडे आवरणारे.