ट्रॅक्टर झटके देतोय: एअर धरली की डिझेलमध्ये पाणी गेलं?

जुलैत आमच्या मुरबाडकडे आवणी, म्हणजे भातलावणी, ऐन जोरात असते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर चिखलणी करता करता झटके देऊन बंद पडतो, मग बांधावरचा प्रत्येक जण एकच सांगतो, "एअर धरली असेल रे, एअर काढ." बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण पाऊसकाळात डिझेलमध्ये पाणी गेलं तरी ट्रॅक्टर जवळपास असाच वागतो आणि तिथे नुसती एअर काढत बसलात तर इंजिनाला दाबाने डिझेल देणाऱ्या पंपाची वाट लागते.

आधी एअरचं बघू, ते सोपं आहे. एअर म्हणजे पंपाला डिझेल सलग पोचत नाही. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही, त्यामुळे लाईनमध्ये बुडबुडा अडकला की पंप त्या बुडबुड्यालाच दाबत बसतो आणि नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोटी, उघडेल एवढं प्रेशर तयारच होत नाही. असा ट्रॅक्टर सेल्फ मारला की नुसता फिरतो, सायलेन्सरमधून धूरपण येत नाही, किंवा चालू होऊन थोड्या वेळात बसतो. आणि याला कारण बहुतेक आपल्याच हातचं असतं, टाकी कोरडी पडली, फिल्टर बदलला, तांब्याचा वॉशर जुनाच परत लावला. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) पाईपला बारीक चीर असेल तर ती लवकर सापडत नाही, कारण इंजिन चालू असताना तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते.

पाण्याचं वेगळं. इथे पंपाला माल पोचतोय, पण माल भलताच आहे. लोड नसताना ट्रॅक्टर बरा चालतो, रोटावेटर खाली टाकला की मिसिंग, दचके, पांढरा धूर, मग बंद. डिझेल भरल्यावर किंवा रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी हे सुरू झालं तर पहिला संशय पाण्यावर घ्या. (थंड इंजिन सुरुवातीला थोडा पांढरा धूर देतंच, त्याला घाबरू नका, गरम झाल्यावरही राहिला तर बघा.)

आता तपासायचं कसं, तर पाना हातात घ्यायच्या आधी एक काचेची बाटली घ्या. फिल्टरच्या किंवा वॉटर सेपरेटरच्या खालचा ड्रेन सैल करून थोडं डिझेल बाटलीत घ्या आणि १५ मिनिटं हलवू नका. लिटरभर डिझेलचं वजन साधारण ८३० ग्रॅम, म्हणून पाणी खाली बसतं आणि मधली रेष स्पष्ट दिसते. रेष नाही पण डिझेल ढगाळ आहे, तरी पाणी आहेच, मिसळलेलं आहे. मध्ये काळपट बुळबुळीत थर दिसला तर पाणी बरेच दिवस साचलंय, त्यात जंतू वाढलेत, मग टाकी उतरवून धुवायलाच लागते.

बाटली स्वच्छ निघाली तर खुशाल एअर काढा. टाकीकडून पंपाकडे जायचं, आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून डिझेल लाईनचा हॅन्डपंप मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा, मग पंपाचा, आणि शेवटी गरज पडली तरच नोझलचे नट. तिथे हात समोर धरू नका, ती धार कातडीत घुसते. आणि ५० एचपीच्या वरचे नवीन ट्रॅक्टर, १ जानेवारी २०२३ नंतरचे, त्यात बरेच कॉमन रेलवाले आहेत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार मोठ्या दाबाने डिझेल जातं, त्यांच्या प्रेशर लाईनचे नट घरी अजिबात सैल करायचे नाहीत.

बाटलीत पाणी दिसलं तर मात्र सेल्फ मारणं तिथेच थांबवा, हीच चूक आम्ही केली होती. एका मेकॅनिकने तीनदा एअर काढली, प्रत्येक वेळी ट्रॅक्टर पाच मिनिटं चालला, आणि आम्ही सेल्फ मारमारून टाकीच्या तळाचं पाणी पंपात भरत राहिलो. पंपाच्या प्लंजरला (डिझेल दाबणारा आतला दांडा) वंगण डिझेलचंच असतं आणि आतली फट काही मायक्रॉनची, तिथे पाणी राहिलं की गंज आणि ओरखडे. पंप उघडला तेव्हा प्लंजरवर तांबूस डाग होते. खरं तर टाकी तळापासून रिकामी करायची, दोन्ही फिल्टर बदलायचे, लाईनमधलं जुनं डिझेल काढायचं, आणि मग एअर काढायची. म्हणजे एअर काढायची वेळ इथेही येतेच, पण सगळ्यात शेवटी, आणि लोक नेमके यामुळेच फसतात.

आमचं पाणी आलं कुठून, तर पडवीतल्या उभ्या ड्रममधून. वरच्या खोलगट झाकणावर पागोळ्यांचं पाणी साचायचं, रात्री ड्रम गार झाला की बुचाच्या आट्यातून ते आत ओढलं जायचं. आता ड्रम एका बाजूने विटेवर तिरका ठेवतो, बुच उंच बाजूला, आणि काकांनी वर जुनं घमेलं पालथं घातलंय.