सीतेची वेणी ओळखायची कशी: आमच्या गिऱ्हाइकांसाठी

नमस्कार मंडळी. लातूरच्या आमच्या नर्सरीत येणारे बरेच जण मोबाईलमधला लांब लोंबणाऱ्या गुलाबी फुलांचा फोटो दाखवतात आणि हेच ऑर्किड पाहिजे म्हणतात. ती सीतेची वेणी, शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेटुसा. आसाम आणि अरुणाचल दोन्हीचं राज्यफूल आहे, बिहू सणात नाचणाऱ्या मुली केसात माळतात ते हेच, आणि आपल्या सह्याद्रीतबी झाडांवर आपोआप येतं. पण फुलतं वर्षातून एकदाच, मे ते जुलैमधी, मृगाच्या आगेमागे, आणि बाकी वर्षभर नुसती पानंच दिसतात, मग कुणीबी दुसरंच रोप या नावानं गळ्यात मारू शकतं, म्हणून बिनफुलाचं रोप ओळखता आलं पाहिजे.

आधी पानाचं टोक बघा, खरी ओळख तिथंच आहे. सीतेच्या वेणीचं पान लांब पट्टीसारखं, जाड, मधोमध पन्हळीगत खोल, आणि टोक कापल्यावानी, त्याला दोन लहानमोठे दात. एरिडिस मॅक्युलोसा नावाचं दुसरं सह्याद्रीतलं ऑर्किड याच्या जागी सर्रास खपवलं जातं, त्याचं पान जास्त रुंद, आखूड, बरंचसं सपाट आणि टोक दोन गोल भागात दुभंगलेलं. तिसरी रास्ना, म्हणजे वांडा टेसेलाटा, तिची पानं अरुंद, घडी पडलेली, खाली वाकलेली आणि टोक कुरतडल्यासारखं.

फूल असलं तर सोपं जातं. सीतेच्या वेणीचा तुरा खाली लोंबतो, चांगल्या वाढलेल्या रोपाला दीड-दोन फूट, त्यावर शंभराच्या वर फुलं एकमेकाला चिकटून, एकेक फूल जेमतेम 2 सेंमी, पांढरं, त्यावर जांभळट गुलाबी ठिपके, आणि मधली ओठासारखी पाकळी गडद. त्या पाकळीला मागं एक चपटी पिशवी असते, ती मागच्या बाजूला गेलेली दिसती. एरिडिसची फुलं विरळ असतात, रास्नाचा तुरा उभा असतो आणि फुलं मोजकी, पिवळट तपकिरी चौकड्यांची, वास मात्र छान.

मुळंबी नक्की बघा. जाड, पांढरट चंदेरी मुळं बाहेर लोंबत असतात, पाणी मारलं की हिरवी होतात, म्हणजे मूळ जिवंत आहे. मुळाला झाडाची साल चिकटलेली असेल, मुळं तुटलेली असतील आणि पानं किड्यांनी खाल्लेली, जुनाट असतील तर रोप जंगलातून ओरबाडलेलं असायची शक्यता जास्त, असलं रोप फुकट दिलं तरी घेऊ नका. जंगलातलं जातं ते जातंच आणि तुमच्या घरी बहुतेक वेळा जगतबी नाही. आम्ही फक्त लॅबमधी बियांपासून वाढवलेली रोपं ठेवतो. या बीमधी अन्नाचा साठाच नसतो, जंगलात बुरशीच्या मदतीनं रुजतं, म्हणून बाटलीत जेलवर पेरावं लागतं आणि फूल यायला बरीच वर्षं जातात, किंमत जास्त वाटते ती त्याच्यामुळं.

आता आपल्या हवेचं. मातीत अजिबात लावू नका, मुळं सडतात. लाकडी टोपलीत कोळसा आणि नारळाची शेंडी घालून टांगा किंवा सरळ अंगणातल्या आंब्याला बांधा. एप्रिल-मेमधी पारा 40 च्या वर जातो तेव्हा हिरव्या नेटखाली ठेवा, सकाळी आणि संध्याकाळी मुळं भिजवा, दुपारी नको. बोअरच्या जड पाण्यानं मुळांवर पांढरा थर बसतो, जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून वापरा. थंडीत पाणी कमी. आणि एकदा चिकटलेली मुळं सारखी उपसू नका, या झाडाला जागा बदललेली आवडत नाही.

दुसरीकडून घेताना शंका आली तर पानाचं टोक, मुळं आणि पूर्ण रोप असे तीन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, आमच्याकडून घेतलं नसलं तरी बघून सांगतो.