हाडातले रक्त थांबवणारे मेण : पार्श्वभूमी

स्नायूतली रक्तवाहिनी कापली गेली की ती आकसून आत जाते. नाही आकसली तर चिमट्यात धरून बांधता येते. हाडात हे दोन्ही जमत नाही. तिथल्या सूक्ष्म वाहिन्यांभोवती कडक भिंत असते, त्यामुळे त्यांची तोंडे उघडीच राहतात. कॉटरी (उष्णतेने डाग देणारे उपकरण) लावली तर वरचा थर करपतो आणि खालून रक्त झिरपत राहते.

म्हणून कळव्यापासून कामोठ्यापर्यंत कुठल्याही ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) कवटी, मणका किंवा बायपासच्या शस्त्रक्रियेची तयारी असेल, तर ट्रॉलीवर बोन वॅक्सचे, म्हणजे या मेणाचे, 2.5 ग्रॅमचे पाकीट हमखास दिसते. त्याचे मूळ लंडनमध्ये आहे. मेंदू आणि मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचे एक आद्य शल्यविशारद व्हिक्टर हॉर्स्ले यांनी 1892 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आपली कृती दिली : 7 भाग मधमाशीचे मेण, 1 भाग बदामाचे तेल आणि 1 टक्का सॅलिसिलिक ॲसिड. तेल मेण मऊ ठेवी, ॲसिड जंतुनाशक म्हणून. आज बदामाच्या तेलाऐवजी व्हॅसलीन किंवा आयसोप्रोपिल पामिटेट हे मऊ ठेवणारे द्रव्य असते.

मेण रक्त गोठवत नाही, फक्त भोक बुजवते. बायपासमध्ये हेपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) दिलेले असतानाही उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कापलेल्या कडांवर ते चालते, ते याच कारणाने. मात्र लावायची पद्धत चुकली की फसते. हातमोज्यातल्या बोटांनी मळून ते लवचीक करायचे, पातळ थर दाबून बसवायचा आणि वरचे सगळे खरवडून काढायचे. गठ्ठा ठेवणे धोक्याचे, विशेषतः मज्जारज्जूजवळ, कारण सरकलेले मेण दाब आणते. उघडलेले पाकीट पुन्हा ऑटोक्लेव्ह करू नये, म्हणजे दाबाखालच्या तप्त वाफेने निर्जंतुक करू नये. मधमाशीचे मेण 62 ते 64 अंशांवरच वितळते. ठाण्यातल्या मे महिन्यात ते ओटीबाहेरच्या कपाटात ठेवणेही बरे नाही. पाकिटावर छापलेले तापमान पाळावे.

खरी अडचण नंतर कळली. हे मेण विरघळत नाही, शरीर ते शोषत नाही. उंदरांच्या नडगीवर 1969 मध्ये हॉवर्ड आणि केली यांनी दाखवले की मेण असेल तिथे नवे हाड धरत नाही. मेण लावलेल्या मऊ, जाळीदार हाडातून जंतूंचा निचरा मंदावतो, हे जॉन्सन आणि फ्रॉम यांनी 1981 मध्ये मांडले. म्हणूनच जिथे हाड जुळून यायला हवे तिथे, आणि जिथे आधीच जंतुसंसर्ग आहे तिथे, ते टाळावे.

पर्याय मधल्या काळातच येऊ लागले होते. व्हर्जिनिया फ्रान्ट्झ यांनी 1943 मध्ये ऑक्सिडाइज्ड सेल्युलोज (कापसासारख्या तंतूंपासून केलेले, शरीरात शोषले जाणारे द्रव्य) पुढे आणले, 1945 मध्ये जिलेटिनचा स्पंज आला. दोन्ही शोषले जातात, पण ओले झाल्यावर फुगतात, म्हणून मणक्याच्या अरुंद जागेत रक्त थांबताच ते काढून घ्यावे लागतात. शिवाय स्पंजला रुग्णाचे रक्त गोठण्याची साथ हवीच. गेल्या पंचवीसेक वर्षांत पाण्यात विरघळणारे अल्किलीन ऑक्साइड कोपॉलिमर आले. हाताला मेणासारखेच, पण साधारण 48 तासांत जागेवरून नाहीसे होते. हाड जुळण्याच्या दृष्टीने हाच चांगला मार्ग आहे.

कानामागच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्या उघडल्या गेल्या असतील, तर मात्र मेंदूभोवतीचे पाणी तिथून गळू नये म्हणून त्या कायमच्या बुजवाव्या लागतात. तिथे विरघळणारा पदार्थ उपयोगाचा नाही. जुने मेणच घ्यावे, शेजारच्या शिरेवर दाब येणार नाही इतके पातळ.