लॅब बांधणं आणि लॅब दुरुस्त करणं

सीसीएनए (पायाभूत) किंवा सीसीआयई (तज्ज्ञ पातळीची) या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षांची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, अभ्यास कसा चाललाय? 'रोज दोन तास लॅब करतोय,' हे उत्तर येतंच. लॅब म्हणजे सरावासाठी उभं केलेलं नेटवर्क. पण 'लॅब करणं' या दोन शब्दांत दोन निरनिराळी कामं मिसळलेली असतात. उपकरणं तीच, कमांड त्याच, म्हणून फरक चटकन लक्षात येत नाही. मग महिनोन् महिने एकच काम होत राहतं आणि दुसरं थेट परीक्षेतच समोर येतं.

पहिलं काम बांधणीचं. कोरे राउटर घ्यायचे, आयपी पत्ते द्यायचे, व्हीलॅन (एकाच स्विचवरचे वेगळे गट) पाडायचे, ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) चालू करायचं आणि पिंग गेलं, म्हणजे पलीकडून उत्तर आलं, की थांबायचं. यानं कमांड बोटांत बसतात आणि हात वेगात चालतो. तो वेग लागतोच: सीसीएनएला एकूण १२० मिनिटं मिळतात आणि मागे टाकलेल्या प्रश्नाकडे परत येता येत नाही. त्यामुळे सुरुवात बांधणीनंच करावी, आणि गाईड न उघडता तीच लॅब कोऱ्यापासून उभी राहीपर्यंत करावी.

दुसरं काम दुरुस्तीचं. इथे सगळं आधीच बांधलेलं असतं आणि कुठेतरी एक ओळ चुकलेली असते. काय टाइप करायचं यापेक्षा आधी कुठे बघायचं, हा इथला प्रश्न.

एक उदाहरण घेऊ. ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवर, व्हीलॅन १० आणि २० चालू आहेत, त्यात ३० हवा आहे. कुणीतरी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' असं लिहिलं, मधला 'अ‍ॅड' राहिला. जुनी यादी पुसली गेली, १० आणि २० त्या ट्रंकवरून बंद. स्क्रीनवर एकही एरर नाही, इंटरफेस अप-अप, म्हणजे पोर्ट चालूच. ज्यानं फक्त बांधणी केली आहे तो पीसीचा आयपी आणि गेटवे तपासत बसतो. दुरुस्तीची सवय असलेला 'शो इंटरफेसेस ट्रंक' मारतो आणि यादी वाचतो.

ओएसपीएफचं तर याहून खोल आहे. दोन्ही टोकांचे हॅलो टायमर (ओळखीचा निरोप किती सेकंदांनी पाठवायचा ते) जुळत नसतील तर शेजारी, म्हणजे पलीकडचा राउटर, दिसतच नाही. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसेल तर शेजारी दिसतो, पण एक्सस्टार्ट या सुरुवातीच्या टप्प्यावर अडकतो. आणि लिंकचा प्रकार एका टोकाला ब्रॉडकास्ट, दुसऱ्याला पॉइंट-टू-पॉइंट असेल तर? इथरनेटवर दोन्ही प्रकारांचे हॅलो आणि डेड टायमर १० आणि ४० सेकंदच, म्हणून शेजारी थेट फुलला, म्हणजे शेवटच्या टप्प्याला, पोचतो. तरी पलीकडचे रूट टेबलात येत नाहीत, कारण एकाच लिंकचं वर्णन दोघं वेगवेगळं करतात आणि हिशेबात ती जोडलीच जात नाही. खूण मात्र समोर असते: पॉइंट-टू-पॉइंट टोकावर 'फुल'पुढे नुसती रेघ, दुसऱ्या टोकावर डीआर-बीडीआरच्या (ब्रॉडकास्ट लिंकवरच्या मुख्य आणि राखीव राउटरच्या) निवडीतला हुद्दा. बांधणीत 'फुल दिसलं की झालं' हे मनात पक्कं बसलेलं असतं. दुरुस्तीत नेमकं तेच आडवं येतं.

सीसीआयईच्या जुन्या राउटिंग-स्विचिंग लॅबमध्ये ट्रबलशूटिंगचा, म्हणजे दुरुस्तीचा, विभाग वेगळा होता. २०२० पासून आठ तासांची विभागणी ३ तास डिझाइन आणि ५ तास डिप्लॉय-ऑपरेट-ऑप्टिमाइझ अशी आहे. म्हणजे बांधता बांधताच दुरुस्त करायचं. तरी सराव वेगवेगळाच करावा, असं मी आग्रहानं सांगेन. एकत्र केला की मन सोप्या कामाकडे वळतं, आणि सोपं काम बांधणीचं असतं.

मग दुरुस्तीची लॅब आणायची कुठून? स्वतःच्या चालत्या लॅबच्या प्रती करा, प्रत्येकीत एक-दोन ओळी बिघडवा आणि आठवडाभर उघडू नका. काय मोडलं ते विसरायला हवं. तक्रार वापरणाऱ्याच्या भाषेत लिहा: 'दुसऱ्या मजल्यावरून सर्व्हर उघडत नाही.' पहिली दहा मिनिटं 'शो रन', म्हणजे सगळं कॉन्फिगरेशन दाखवणारी कमांड, बंद. तीन राउटरच्या लॅबमध्ये सगळं कॉन्फिगरेशन वाचून चूक सापडते, मोठ्या लॅबमध्ये तेवढा वेळच नसतो. आणि प्रत्येक कमांडआधी तिचं उत्तर काय येईल ते मोठ्यानं बोला. अंदाज चुकला की तिथेच काहीतरी आहे. सीसीएनएसाठी पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा सिम्युलेटर पुरतो. त्यात खरं आयओएस (सिस्कोच्या उपकरणांची प्रणाली) चालत नाही, म्हणून पुढच्या परीक्षांना ते चालवणारं सीएमएल किंवा ईव्ह-एनजी घ्यावं.

सगळ्यात उत्तम म्हणजे अभ्यासाचा जोडीदार. मी आणि माझा मित्र रविवारी फायलींची अदलाबदल करतो. त्यानं बिघडवायचं, मी शोधायचं, पंधरा मिनिटं घड्याळ लावून. नाहीच सापडलं, तर तो फक्त बिघाड कोणत्या उपकरणावर आहे तेवढंच सांगतो आणि घड्याळ पुन्हा सुरू करतो.